वाचन आणि स्मरणशक्तीवर संशोधन करायचंय, पण हे करिअर नक्की असतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा होता, मानसशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे, माणूस वाचतो तेव्हा डोक्यात काय होतं आणि वाचलेलं लक्षात कसं राहतं (किंवा का राहत नाही) याचं प्रचंड कुतूहल आहे, तर यात करिअर होतं का, हे लोक दिवसभर नेमकं करतात काय, गणित किती लागतं, पीएचडी करावीच लागते का आणि नोकऱ्या मिळतात का. मी कॉग्निटिव्ह सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे माणूस वाचतो, लक्षात ठेवतो, विचार करतो ते प्रयोग करून तपासणारी, आणि एकवीस वर्षं हेच काम करतेय त्यामुळे मला जे माहितीय ते सगळं सांगते, जरा लांबेल, आणि तू वयानं लहान म्हणून अरेतुरेच करते, राग मानू नकोस.

आधी एक गोष्ट करून बघ, मग पुढचं वाच. आरशासमोर उभं राहा, स्वतःच्याच डाव्या डोळ्याकडे बघ, मग उजव्या, मग परत डाव्या. तुला तुझे डोळे हलताना दिसणार नाहीत, कितीही वेळा केलंस तरी नाहीत. आता शेजारी कुणाला तरी उभं कर आणि त्यांना बघायला सांग, त्यांना तुझे डोळे इकडून तिकडे जाताना अगदी स्पष्ट दिसतील. डोळा उडी मारतो तेवढ्या वेळापुरतं मेंदू दिसणं जवळपास दाबून टाकतो आणि मधली फट अशी बुजवतो की फट होती हेच आपल्याला कळत नाही. वाचताना दर सेकंदाला अशा तीन-चार उड्या होतात आणि आपल्याला मात्र वाटतं की नजर ओळीवरून अलगद सरकत चाललीय. मला जर कुणी विचारलं की तुमच्या कामाचं मूळ काय तर मी हेच सांगते, आपल्याला आतून जे वाटतं आणि खरंच जे घडतं यातलं अंतर मोजायचं. वाचनातही तेच आणि स्मरणातही तेच. ज्याला हे अंतर बघून मजा वाटते त्याच्यासाठी हे काम आहे, आणि ज्याला आपल्याला आतून वाटतं तेच सिद्ध करून दाखवायचंय त्याला या कामाचा फार त्रास होतो, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुन्हापुन्हा पाहिलंय.

आता जरा आकडे, कारण आकड्यांशिवाय या विषयात पान हलत नाही. सराईत वाचक एका ठिकाणी साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबतो आणि उडीला वाचताना २० ते ३५ मिलिसेकंद लागतात. इंग्रजीत एक उडी सरासरी सात ते नऊ अक्षरांची असते आणि दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा चक्क मागे जातात. छोटे छोटे शब्द तर बऱ्याचदा नजर टेकवल्याशिवायच ओलांडले जातात. आणि सगळ्यात भारी मला वाटतो तो १९७५ चा मॅकॉन्की आणि रेनर यांचा प्रयोग, त्यांनी स्क्रीनवर असं केलं की वाचणाऱ्याची नजर जिथे असेल तिथली थोडीच अक्षरं खरी आणि बाकी सगळीकडे अक्षरांचा कचरा, नजर हलली की ती खरी खिडकीही बरोबर हलते. खिडकी किती लहान केली की वाचन अडखळतं ते बघत बघत लोकांनी पुढे काढलं की इंग्रजी वाचणारा डावीकडची तीन-चार अक्षरं आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं, एवढ्याच पट्ट्यातून काय ते उचलतो. बाहेर काहीही भरलं तरी वाचणाऱ्याला पत्ता नसतो, तो म्हणतो पान नीट होतं की. आणि हिब्रूसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी घेतली की हा पट्टा उलटा होतो, डावीकडे लांब. म्हणजे पट्टा एका बाजूला लांब असणं डोळ्याच्या बनावटीमुळे होत नाही, लक्ष कुठल्या दिशेनं पुढे धावतंय त्यामुळे होतं. मी विद्यार्थिनी असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

दिवस कसा जातो ते विचारलंस. तर लॅबमधला एक तास सांगते. एक मुलगा आलाय, वय वीसच्या आसपास, आधी त्याला समजावून सांगायचं की काय होणार आहे, कधीही उठून जायची मुभा आहे, त्याचं नाव डेटात कुठेही राहणार नाही, मग त्याची सही. मग तो हनुवटी टेकवायच्या स्टँडवर बसतो, कपाळ वरच्या पट्टीला लावतो, खुर्ची वरखाली करून घ्यायची कारण मान अवघडली की वीस मिनिटांनी डेटा बिघडायला लागतो. समोर कॅमेरा, तो सेकंदाला हजार वेळा त्याच्या बाहुलीची जागा टिपतो. स्क्रीनवर एकामागून एक नऊ ठिपके येतात, त्यानं प्रत्येकाकडे बघायचं, आणि त्यावरून मशीन ठरवतं की बाहुली अशी असते तेव्हा नजर तिथे असते, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. चष्म्याच्या काचेवर उजेड चमकतो, कुणाच्या पापण्या खाली झुकलेल्या असतात, कुणी डोळ्यात काजळ घातलेलं असतं आणि मशीनला बाहुली कुठली काजळ कुठलं ते कळत नाही. आठ ठिपके जमतात, वरच्या कोपऱ्यातला नववा जमत नाही, मग परत पहिल्यापासून. कधी कधी चार वेळा. मी तेव्हा आवाज शांत ठेवते, कारण समोरच्याला वाटायला लागतं की आपल्याच डोळ्यात काहीतरी दोष आहे, आणि एकदा तो टेन्शनमध्ये आला की त्याचं वाचन वाचन राहत नाही, परीक्षा होते. मग एकदाचं जमतं आणि तो वाचायला लागतो आणि माझ्या स्क्रीनवर एक छोटा ठिपका त्याच्या ओळीवरून उड्या मारत जातो, एका अवघड शब्दावर थांबतो, पुढे जातो, आणि मग अचानक मागे येऊन परत त्या शब्दावर टेकतो. एकवीस वर्षं झाली, मी अजूनही तो ठिपका बघत बसते. १९०८ मध्ये वाचनाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिणाऱ्या एडमंड ह्यूई यांनी हेच बघायला डोळा बधिर करून बुबुळावर प्लॅस्टरची वाटी बसवली होती आणि तिला जोडलेल्या काडीनं काजळी धरलेल्या ड्रमवर रेघा उमटवल्या होत्या, तेव्हा चार वेळा कॅलिब्रेशन करावं लागलं तर आपण तक्रार करू नये असं मला मनापासून वाटतं.

पण हा तास म्हणजे कामाचा दहावा हिस्साही नाही. खरा वेळ जातो तो प्रयोगाचं साहित्य बनवण्यात, आणि इथेच नवीन माणसाचं घोडं अडतं. माझंच उदाहरण देते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला बघायचं होतं की नेहमी भेटणारे शब्द आणि क्वचित भेटणारे शब्द देवनागरीत वाचताना नजर किती कमीजास्त थांबते. दोन याद्या केल्या, लांबी सारखी ठेवली, वाक्यं केली, अठ्ठेचाळीस जणांचा डेटा गोळा केला, सात महिने गेले. फरक मस्त मोठा आला, मी खूश. गाईडनी याद्या हातात घेतल्या आणि क्वचितच्या यादीवर पेन्सिलीनं एकेका शब्दाखाली रेघ मारत गेले, काही बोललेच नाहीत. शेवटी मला दिसलं, रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दात जोडाक्षर होतं, आणि नेहमीच्या शब्दांच्या यादीत जेमतेम चार होती. म्हणजे नजर थांबत होती ती शब्द अनोळखी म्हणून की अक्षरांची दाटी जास्त म्हणून, सांगायला काही मार्गच नव्हता. सात महिन्यांच्या कामावर पाणी पडलं. याद्या नव्यानं करायलाच पुढे अडीच महिने लागले, कारण लांबी, जोडाक्षरं, मात्रा, शब्द किती वेळा वापरात येतो, वाक्यात त्याचा आधीच अंदाज येतो का, हे सगळं एकाच वेळी जुळवायचं म्हणजे नाकी नऊ येतात. पण तेव्हापासून कुठलीही यादी मला नुसती यादी वाटत नाही, मी पहिलं हेच शोधते की या दोन गटांत आपण ठरवलेल्या गोष्टीशिवाय आणखी काय वेगळं आहे. हे शोधायची सवय लागली की समज तू अर्धा संशोधक झालास किंवा झालीस.

लिपीचा विषय निघालाय तर सांगते, आपल्या लिप्यांमध्ये कामाला प्रचंड वाव आहे. वाचनाचं बहुतेक सगळं जुनं संशोधन इंग्रजीवर उभं आहे आणि इंग्रजी स्पेलिंग हा जगातला एक विचित्र नमुना आहे. २००३ मध्ये सिमोर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या तेरा भाषा वाचायला शिकणाऱ्या मुलांची तुलना केली तेव्हा पहिल्या वर्षाअखेर फिनिश वगैरे वाचणारी मुलं जवळपास सगळे शब्द बरोबर वाचत होती आणि इंग्रजी वाचणारी खूपच मागे होती. अक्षरं दोघांचीही रोमनच, स्पेलिंगची पद्धत वेगळी. आता आपल्याकडे बघ, 'दिवस' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात 'द' आधी येतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदीवर हेच तपासलं की अशी वेलांटी आली की शब्द वाचायला किंमत मोजावी लागते का, आणि लागते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर काम करून दाखवलं की जिथे शेकडो अक्षरं शिकायची असतात तिथे अक्षरओळख पहिल्या वर्षात संपत नाही, ती चौथी-पाचवीपर्यंत चालूच राहते. २०१७ मध्ये तर निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून आधी आणि नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं आणि नजरेच्या कामातल्या मेंदूच्या खोलवरच्या भागांची जोडणीही बदललेली दिसली. मोठ्या वयात, सहा महिन्यांत. तेव्हा 'सगळं तर होऊन गेलंय, आता मी काय शोधू' असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक.

स्मरणाकडे येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, ठरावीक वेळानं परत पाठ करायची आणि दुसऱ्या वेळी मेहनत किती वाचली ते मोजायचं. वीस मिनिटांनी साधारण ५८ टक्के मेहनत वाचत होती, एक दिवसानंतर तेहतीस-चौतीस टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के. आधी धाडकन खाली आणि मग हळूहळू. २०१५ मध्ये हा प्रयोग नव्यानं केला गेला आणि वक्ररेषा जवळपास तशीच आली. एका माणसानं एकट्यानं केलेलं काम १३० वर्षांनी टिकतं ते का टिकतं, तर त्यानं किती काटेकोरपणे केलं त्यामुळे. हे तुझ्या वयात कळलं तर फार उपयोगी पडेल.

आणि आतून वाटणं किती फसवं असतं ते स्मरणात तर जास्तच दिसतं. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग घे. एका गटानं उतारा चार सत्रांत वाचला, दुसऱ्यानं एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तर वाचणारे ४० वर आणि आठवून लिहिणारे ६१ वर. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की आधी विचारलं होतं तुम्हाला आठवड्यानं किती आठवेल असं वाटतं, तेव्हा सगळ्यात जास्त खात्री होती ती नुसतं परत परत वाचणाऱ्यांना. वाचून वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळख आपल्याला ज्ञान वाटते. अख्ख्या पिढ्या पानं पिवळी-हिरवी रंगवून, तेच तेच वाचून परीक्षेला बसतात आणि मग म्हणतात माझी मेमरीच खराब आहे. मेमरी खराब नसते गं/रे, पद्धत चुकीची शिकवलेली असते, आणि हे कुणीतरी सांगायला हवं म्हणूनही मला हे काम सोडावंसं वाटत नाही.

एक प्रसंग विसरता येत नाही. आम्ही एक छोटी गोष्ट वाचायला देत होतो, त्यात एक वाक्य होतं, 'सरांनी खडू टेबलावर आपटला आणि खिडकीकडे बघत उभे राहिले.' बस, एवढंच. अर्ध्या तासानं काही वाक्यं दाखवून विचारायचो की हे वाक्य गोष्टीत होतं का. 'सर वर्गावर रागावले' हे वाक्य गोष्टीत कुठेच नव्हतं. एक बाई, शांत स्वभावाच्या, उत्तरं विचार करून देणाऱ्या, त्यांनी हे वाक्य पाहिलं आणि लगेच 'हो' दाबलं, खात्री किती तर दहापैकी दहा. नंतर मी मूळ पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं, आणि म्हणाल्या, 'पण मला ते पानावर कुठे होतं तेसुद्धा दिसतंय, खालच्या बाजूला.' त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी वाचून अर्थ लावला आणि लावलेला अर्थ वाचलेल्या वाक्यासारखा साठवला गेला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये जे म्हटलं होतं, की आठवणं म्हणजे परत रचणं, ते मला त्या दिवशी समोर बसलेलं दिसलं. कोर्टात साक्षीदार शपथेवर सांगतो तेव्हा तो याच मनानं सांगत असतो, म्हणून या विषयाला नुसतं लॅबपुरतं समजू नकोस.

आता एक गैरसमज आधीच दूर करते. कॉग्निटिव्ह सायकॉलॉजिस्ट म्हणजे समुपदेशक नाही आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही नाही. आपण निदान करत नाही, उपचार करत नाही, त्याचं शिक्षण आणि परवाना वेगळा असतो. पण तू वाचनावर काम करतेस/करतोस म्हटल्यावर पालक येणारच. आमच्या एका संशोधनात भाग घ्यायला एक नऊ वर्षांचा मुलगा आला होता, त्याची आई म्हणाली वाचतो छान पण अभ्यासात आळशी आहे. त्यानं आपलं पुस्तक उघडलं आणि पहिला धडा खडखडीत वाचून दाखवला, बोट ओळीखालून फिरत होतं. मला एकच गोष्ट खटकली, ओळ संपली तरी बोट कधी कधी मागेच राहत होतं. मी धड्याच्या मधलंच एक वाक्य वेगळ्या कागदावर लिहून दिलं. तो थांबला. पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं, तिसऱ्यावर त्याचे डोळे भरून आले. त्यानं धडेच्या धडे ऐकून पाठ केले होते. जे पोरगं स्मरणाच्या जोरावर दोन वर्षं वाचता येत नाही हे लपवू शकतं ते आळशी कसं असेल, किती कष्ट घेत असेल ते. मी आईला ते वाक्य आणि धडा दोन्ही समोर ठेवून दाखवलं आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठवलं. आपली हद्द कुठे संपते ते माहीत असणं आणि तिथे थांबणं, हा या व्यवसायाचा भाग आहे, आणि त्या हद्दीच्या आत जे दिसतं ते स्पष्ट सांगणं हाही.

गणिताचं. खरं सांगू का, संख्याशास्त्र लागतंच, त्यातून सुटका नाही, पण ते घाबरवणारं गणित नाही. तुला शक्यता, वितरण, रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणं) आणि मग मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल इथपर्यंत यावं लागेल. का ते समजून घे. भाषेच्या मानसशास्त्रावर काम करणाऱ्या हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्येच बोट ठेवलं होतं की तुम्ही चाळीस माणसं निवडली तसे चाळीस शब्दही निवडलेत, मग निष्कर्ष फक्त त्या चाळीस शब्दांपुरता आहे की भाषेतल्या सगळ्या शब्दांना लागू आहे? माणसांमधला फरक आणि शब्दांमधला फरक दोन्ही एकदम धरायला ही मॉडेल्स लागतात. आणि किती डेटा पुरेसा याचा एक व्यवहारी अंदाज ब्रिसबर्ट आणि स्टीवन्स यांनी २०१८ मध्ये दिलाय, रिअ‍ॅक्शन टाइमच्या, म्हणजे उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते मोजायच्या प्रयोगात प्रत्येक परिस्थितीत निदान १६०० निरीक्षणं, म्हणजे चाळीस माणसं गुणिले चाळीस शब्द. आमच्या तरुणपणी पंधरा-वीस माणसांवर पेपर निघायचे. प्रोग्रॅमिंगही आता टाळता येत नाही, आर आणि पायथन या दोन प्रोग्रॅमिंगच्या भाषा, त्यातली एक नीट आणि दुसरी कामापुरती. भाषाशास्त्राचा एखादा कोर्स मिळाला तर सोडू नकोस, मी तो उशिरा केला आणि आधी केला असता तर जोडाक्षरांचा तो घोळ झालाच नसता असं वाटतं.

२०१५ ची गोष्ट तुला माहीत असायलाच हवी. मानसशास्त्रातले छापलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये परिणाम 'सिग्निफिकंट' (नुसत्या योगायोगानं सहसा दिसणार नाही असा) होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांमध्येच आला. कॉग्निटिव्हमध्ये प्रमाण जरा बरं होतं, साधारण निम्मे टिकले, पण निम्मे म्हणजे काही मिरवायची गोष्ट नाही. आमच्यातल्या अनेकांना तेव्हा फार लागलं ते, मलाही लागलं, पण त्यातूनच चांगल्या सवयी आल्या, काय मोजणार आणि कसं मोजणार हे डेटा गोळा करायच्या आधी लिहून नोंदवायचं, डेटा आणि कोड खुला ठेवायचा, परिणाम आला नाही तरी छापायचा. लॅब निवडताना त्यांच्याकडे हे होतं का ते विचारच. जिथे 'आधी डेटा आणा, मग बघू काय सांगायचं ते' असं चालतं तिथे जाऊ नकोस, नाव कितीही मोठं असलं तरी.

पीएचडी लागते का? स्वतःचे प्रश्न स्वतः ठरवून संशोधन करायचं असेल तर लागतेच. साधारण चार ते सहा वर्षं, मग बहुतेकांना एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या नोकऱ्या), म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधणं, आणि तरीही कायमच्या जागा थोड्या आणि इच्छुक खूप हे सगळ्या जगात आहे. हे मी गोड करून सांगणार नाही. माझ्याबरोबरच्या सहा जणांपैकी विद्यापीठात आम्ही दोघंच उरलो. पण बाकीचे चार वाया गेले असं अजिबात नाही, एक जण ॲप वापरताना लोक कुठे अडखळतात त्यावर काम करतो, एक मुलांची पाठ्यपुस्तकं आणि वाचनचाचण्या तयार करते, एक डेटा सायन्समध्ये आहे आणि एक शिक्षणाच्या धोरणावर. त्या सगळ्यांचं म्हणणं एकच असतं की प्रयोग नीट मांडायला शिकलो ते रोज कामी येतं. मास्टर्सवरही या कामांमध्ये शिरता येतं, तेव्हा पीएचडीला 'बघू पुढे काय करायचं' म्हणून बसू नकोस, एक असा प्रश्न हातात असू दे जो दोन वर्षं कंटाळा आला तरी सोडावासा वाटणार नाही.

गाईड निवडताना विषयापेक्षा माणूस बघ. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोल, ड्राफ्ट पाठवला की किती दिवसांनी परत येतो ते विचार, चूक सापडली तर कसे वागतात ते विचार. माझ्या गाईडनी पेन्सिलीनं रेघा मारल्या तेव्हा एक शब्दही लागेल असा बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नव्या याद्यांसाठी स्वतः माझ्याबरोबर बसले. तसं कुणी मिळालं नसतं तर मी तिथेच सोडलं असतं.

रिजेक्शन येतात, पेपरला, ग्रँटला, नोकरीला. माझा जो पेपर सगळ्यात जास्त वापरला जातो तो तीन ठिकाणांहून परत आला होता. रिव्ह्यू, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचा शेरा, आला की दोन दिवस बाजूला ठेवायचा, मग वाचायचा, आणि निम्म्या वेळा रिव्ह्यूअरचं बरोबर असतं हे मान्य करायचं.

आणि हो, लोक तुला स्पीड रीडिंगबद्दल विचारतील, सगळेच विचारतात. मिनिटाला हजारो शब्द समजून वाचता येतात असं कुणी म्हणालं तर ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांवरून काढलेली सरासरी सांग, इंग्रजीत माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला २३८ शब्द, कथा-कादंबरी २६०. वेग वाढवला की समज कमी होते, यात जादू नाही. जास्त वेगानं वाचता येतं ते ज्या विषयाची आधीपासून माहिती असते त्यात. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये बेसबॉलवरचा उतारा मुलांना दिला होता, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या समजण्यात आणि आठवण्यात पुढे निघाली. वाचलेलं लक्षात राहायला आधीचं लक्षात असलेलंच लागतं, म्हणून मी वाचन आणि स्मरण हे दोन विषय कधी वेगळे काढू शकले नाही.

सुरुवात कुठून करू विचारलंस, तर कोर्स वगैरे नंतर बघ, या आठवड्यात एवढंच कर. दोन सारख्या अवघड पातळीचे, साधारण तीनशे शब्दांचे उतारे घे, दहा ओळखीचे लोक घे. एक उतारा दोनदा वाचायचा, दुसरा एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहायचा. निम्म्या लोकांना उतारे उलटे दे, म्हणजे जो उतारा पहिल्या पाच जणांनी दोनदा वाचला तो दुसऱ्या पाच जणांनी आठवून लिहायचा, आणि आधी काय करायचं त्याचाही क्रम बदलत ठेव. उताऱ्यात कोणते मुद्दे मोजणार ते आधी लिहून ठेव, आणि तुझा अंदाजही आकड्यात लिही, तारीख टाक. सात दिवसांनी सगळ्यांकडून दोन्ही उतारे परत लिहून घे आणि मोज. मोजताना तुझं कुठेतरी घोडं अडेल, 'हा मुद्दा आठवला असं धरू का नको' असा प्रश्न पडेल, तिथे काय ठरवलंस आणि का ते वहीत लिहून ठेव. मग ती वही आणि आकडे मला पाठव, आपण बसून बघू.